वाचा बसते तेव्हा

भीतीने माणूस थिजतो, हे मराठीला फार आधीपासून ठाऊक आहे. वाचा बसली, पाय जमिनीला खिळले, हातापायांतलं त्राण गेलं, असं आपण सहज बोलून जातो. फणा काढलेला नाग पाहून जागच्या जागी उभा राहिलेल्या माणसाला ‘पळाला का नाहीस?’ म्हणून कुणी दरडावत नाही. बलात्कार झालेल्या बाईला मात्र पहिला प्रश्न तोच येतो: ओरडली का नाहीस?

न्यायालयांतही हे घडलं आहे. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. भीतीपोटी निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं आणि शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोघांना सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, याला त्या निकालात मोठं वजन होतं.

जखमा नसण्यामागचं शरीरशास्त्र आज बरंच स्पष्ट झालं आहे. संकट अंगाला भिडलं आणि सुटायला वाट उरली नाही, की मेंदूतली फार जुनी संरक्षक यंत्रणा ताबा घेते. शुद्ध असते, दिसत असतं, ऐकू येत असतं; पण हात उचलत नाही, आवाज फुटत नाही. कोंबडी दाबून धरली की काही काळ निपचित पडते, त्याच जातीची ही प्रतिक्रिया. शास्त्रज्ञ तिला टॉनिक इमोबिलिटी म्हणतात. ती ठरवून होत नाही आणि ठरवून थांबवताही येत नाही. स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडितांच्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के जणी लक्षणीय प्रमाणात थिजल्या होत्या. सहा महिन्यांनी पाहिलं, तेव्हा अशा स्त्रियांमध्ये पीटीएसडी (आघातानंतर जडणारा मानसिक विकार) आणि तीव्र नैराश्याचं प्रमाण जास्त निघालं. म्हणजे जिला आपण ‘गप्प राहिली’ म्हणतो, तिलाच बहुधा खोल इजा झालेली असते. मला हे वाचल्यापासून तो पहिला प्रश्न फार क्रूर वाटतो.

आठवणींचंही असंच. भीतीच्या त्या क्षणी मेंदू सगळं सारख्या नेटकेपणाने नोंदवत नाही. छताच्या पंख्याची घरघर लख्ख राहते, आणि आधी काय, नंतर काय, हे विस्कटतं. जबाबात क्रम चुकला की बाई खोटी ठरते. तीच बाई महिन्यांनंतर बाजारात मेथीची जुडी निवडत असते, शेजारून कुणी जातं, केसांच्या तेलाचा तोच वास येतो आणि जुडी हातातून गळते. तिला काही ‘आठवत’ नसतं. शरीराच्या लेखी ते पुन्हा घडत असतं.

आणि सगळ्याच रडत नाहीत. बर्जेस आणि होल्मस्ट्रॉम या दोघी संशोधिकांनी १९७४ साली बॉस्टनच्या रुग्णालयातल्या पाहणीवरून लिहिलं, की काही जणी हंबरडा फोडतात, तर तितक्याच जणी शांत, आवरलेल्या दिसतात.

यातून बाहेर पडता येतं. अमेरिकेतल्या ९५ स्त्रियांच्या एका अभ्यासात पहिल्या पंधरवड्यात ९४ टक्के जणींत पीटीएसडीची लक्षणं होती. तीन महिन्यांनी हे प्रमाण ४७ टक्क्यांवर आलं. उरलेल्यांसाठी परिणामकारक मानसोपचार आहेत. त्यांतल्या एका पद्धतीत मनात रुतून बसलेली वाक्यं कागदावर उतरवून एकेक तपासली जातात. ‘मी काहीच केलं नाही, म्हणजे चूक माझीच’ हे असंच एक वाक्य. ते खोडायला कधी कधी बरीच सत्रं लागतात. भारतीय कायद्याने ते २०१३ साली खोडलं: शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती होती असं मानता येत नाही. मानसिक आधारासाठी टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तिथे मराठीत बोलता येतं.