‘यात समावेश होतो’ : कायद्यातील एका क्रियापदाची पार्श्वभूमी

औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झाली आणि 1947 च्या औद्योगिक विवाद अधिनियमातील ‘उद्योग’ या शब्दाच्या व्याख्येची जागा नव्या व्याख्येने घेतली. जुन्या व्याख्येवर अनेक दशके न्यायालयांत वाद झडले आणि त्यांतील महत्त्वाचे वाद एका अगदी साध्या इंग्रजी क्रियापदापाशी येऊन थांबत: ‘इन्क्लूड’. मराठी अधिनियमांत त्या जागी ‘समावेश होतो’ किंवा ‘अंतर्भाव होतो’ असे शब्द येतात आणि वाचणारा ते सहज ओलांडून पुढे जातो. मात्र एखाद्याला नुकसानभरपाई मिळणार की नाही, मत देता येणार की नाही, वकिली करता येणार की नाही, हे प्रश्न याच शब्दांवर अडलेले आहेत.

कायद्यातील व्याख्या साधारणपणे दोन प्रकारे लिहिली जाते. ‘अमुक म्हणजे तमुक’ असे लिहिले की कुंपण घातले गेले. त्यापलीकडचे काही आत येत नाही. ‘अमुक यात तमुकाचा समावेश होतो’ असे लिहिले की शब्दाचा रोजचा अर्थ जागेवर राहतो आणि त्यात आणखी भर पडते. 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, म्हणजे इतर कायद्यांतील नेहमीचे शब्द कसे वाचावेत हे सांगणारा कायदा) ‘व्यक्ती’ या शब्दात कंपनी, संस्था आणि व्यक्तींचा समूह यांचा समावेश केला आहे. त्यामुळे हाडामासाचा माणूस ‘व्यक्ती’ राहिलाच, शिवाय कंपनीही ‘व्यक्ती’ झाली. इंग्रजी क्रियापदाचे मूळ मात्र उलट दिशेचे आहे. ते लॅटिनमधील ‘बंद करणे’ या अर्थाच्या धातूपासून आले असून ‘आत कोंडणे’ हा त्याचा मूळ भाव आहे. कायद्यातील ‘क्लॉज’ हा शब्दही त्याच धातूचा. आपला ‘समावेश’ हा शब्द ‘विश्’, म्हणजे प्रवेश करणे, या धातूपासून आला आहे, आणि कायद्याला जे अभिप्रेत आहे त्याच्या तो अधिक जवळ आहे असे मला वाटते.

या क्रियापदाचा सर्वाधिक उद्धृत होणारा खुलासा न्यूझीलंडहून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे वसाहतींसाठीच्या अंतिम अपील न्यायालयापुढे, गेलेल्या डिलवर्थ खटल्यात लॉर्ड वॉटसन यांनी केला, आणि तो 1899 च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झाला. शब्दाचा अर्थ वाढवण्यासाठी हे क्रियापद वापरतात, तेव्हा शब्दाचा नैसर्गिक अर्थ आणि व्याख्येत सांगितलेल्या गोष्टी, दोन्ही धराव्यात, असे त्यांनी सांगितले. मात्र संदर्भ तसा असेल तर हेच क्रियापद ‘म्हणजे’च्या अर्थानेही, पुरे कुंपण म्हणून, वाचता येते, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. पुढच्या सव्वाशे वर्षांत दोन्ही बाजूंच्या वकिलांनी त्या परिच्छेदातील आपापल्या सोयीचा भाग न्यायालयापुढे ठेवला आहे.

त्याआधीच इंग्लंडमध्ये या शब्दाची एक कठोर परीक्षा होऊन गेली होती. 1850 च्या एका अधिनियमाने, जो लॉर्ड ब्रूम यांच्या नावाने ओळखला जातो, असे ठरवले की कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश मानावा. 1867 च्या मताधिकार कायद्यात ‘मॅन’ हा शब्द होता. त्याऐवजी ‘पर्सन’ घालावा ही तत्त्वज्ञ आणि खासदार जॉन स्टुअर्ट मिल यांची दुरुस्ती संसदेने फेटाळली. तेव्हा मँचेस्टरमधील पाच हजारांहून अधिक स्त्रियांनी 1850 च्या तरतुदीवर बोट ठेवून मतदारयादीत नाव घालण्याची मागणी केली. 1868 मध्ये न्यायालयाने ती अमान्य केली. म्हणजे कायदा ‘समावेश होतो’ असे म्हणत होता, तरी स्त्रिया बाहेरच राहिल्या.

भारतात 1897 च्या अधिनियमातील कलम 13 मध्ये तीच तरतूद आली आणि तिची गतही तीच झाली. रेजिना गुहा यांनी वकिलीची सनद मागितली, तेव्हा 1916 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या विशेष पीठाने सांगितले की विधिव्यवसायींविषयीच्या 1879 च्या अधिनियमातील पुल्लिंगी शब्दांत स्त्री बसत नाही. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनाही वकिलीचे दार उघडण्यासाठी अनेक वर्षे थांबावे लागले. अखेर 1923 मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र अधिनियम करावा लागला. जे काम एका क्रियापदाने आधीच केलेले होते, तेच करण्यासाठी वेगळा कायदा लागावा, ही गोष्ट आजही टोचते.

संविधानाने हे क्रियापद मोठ्या विश्वासाने वापरले आहे. अनुच्छेद 12 नुसार ‘राज्य’ यात भारताचे सरकार व संसद, राज्यांची सरकारे व विधानमंडळे आणि सर्व स्थानिक व इतर प्राधिकरणे यांचा समावेश होतो. मूलभूत हक्क प्रत्येक प्राधिकरणावर बंधनकारक असले पाहिजेत, हा हेतू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर 1948 मध्ये संविधान सभेत स्पष्ट केला होता. अनुच्छेद 13 मध्ये ‘कायदा’ या शब्दात अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना, रूढी किंवा परिपाठ यांचा समावेश केला आहे. तरीही 1951 मध्ये नरसू आप्पा माळी प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या छागला आणि गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने व्यक्तिगत कायदे, म्हणजे विवाह, वारसा यांसारख्या बाबींचे धर्मनिहाय कायदे, या अनुच्छेदाच्या कक्षेबाहेर ठेवले. रूढी आणि व्यक्तिगत कायदा या वेगळ्या गोष्टी असून संविधानकारांनी रूढीचाच उल्लेख केला आहे, असा छागला यांचा युक्तिवाद होता. समावेशक यादीतून जे सुटले ते बाहेर, असे वाचले तर ते क्रियापद आणि ‘म्हणजे’ यांत फरक काय उरतो, हा प्रश्न माझ्या मते त्या निर्णयाने अनुत्तरित ठेवला.

नऊ वर्षांनी त्याच गजेंद्रगडकरांनी, आता सर्वोच्च न्यायालयात, हे क्रियापद पूर्ण मोकळेपणाने वाचले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहात काम करणाऱ्या दोन वॉर्ड सेविकांना सरकारने कामावरून कमी केले, कारण नागरी पुरवठा खात्यातून कमी झालेल्या कर्मचाऱ्यांची सोय लावायची होती. छाटणीची भरपाई त्यांना दिली नाही. रुग्णालय हा ‘उद्योग’ असेल तरच ती भरपाई देणे भाग होते. व्याख्या अशी होती : ‘उद्योग’ म्हणजे मालकांचा कोणताही धंदा, व्यापार, उपक्रम, वस्तुनिर्मिती किंवा पेशा, आणि त्यात कामगारांचा कोणताही पेशा, सेवा, नोकरी, हस्तव्यवसाय अथवा औद्योगिक काम यांचा समावेश होतो. सरकारचे म्हणणे असे की ‘उपक्रम’ हा शब्द धंदा आणि व्यापार यांच्या रांगेत बसला आहे, म्हणून त्याचाही अर्थ व्यापारीच घ्यावा. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की गुण लागतो, तसाच हा अर्थनिर्णयाचा जुना नियम आहे. न्यायालयाने तो येथे नाकारला. विधिमंडळाने जाणूनबुजून रुंद शब्द योजले आहेत आणि व्याख्या समावेशक केली आहे, तेव्हा तिला संकुचित करणे योग्य नाही, असा निर्णय 1960 मध्ये झाला. सेवा पद्धतशीरपणे पुरवली जात असेल तर नफ्याचा हेतू असो वा नसो, रुग्णालय हा उद्योगच आहे, असे ठरले आणि त्या दोघी जिंकल्या.

हा निर्णय दहा वर्षे टिकला. 1970 मध्ये सफदरजंग रुग्णालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. 1978 मध्ये बंगळूर पाणीपुरवठा प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या प्रमुख निकालपत्राद्वारे, व्याख्या पुन्हा रुंद केली. 1982 मध्ये संसदेने रुग्णालये आणि शिक्षणसंस्था वगळणारी दुरुस्ती मंजूर केली, पण ती कधीच अंमलात आणली गेली नाही, त्यामुळे जुनेच शब्द चालू राहिले.

नव्या संहितेने कृष्ण अय्यर यांची कसोटी, म्हणजे मालक व कामगार यांच्या सहकार्याने पद्धतशीरपणे चालणारे आणि माणसांच्या गरजा भागवणाऱ्या वस्तू वा सेवा देणारे काम हा उद्योग, जवळजवळ जशीच्या तशी व्याख्येत घेतली आहे. भांडवल गुंतवले आहे की नाही आणि नफ्याचा हेतू आहे की नाही, हे प्रश्न तिने गैरलागू ठरवले आहेत. मात्र जेथे पूर्वी ‘यात समावेश होतो’ होते, तेथे आता ‘यात समावेश होत नाही’ आले आहे. सरकारची सार्वभौम कामे आणि घरकाम वगळले आहे, केंद्र सरकार अधिसूचनेने वगळील ते कामही वगळले आहे, आणि पूर्णतः किंवा बव्हंशी धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्थाही. मुंबई-पुण्यातील न्यासांच्या रुग्णालयांत रात्रपाळी करणाऱ्या आयाबाई आणि वॉर्डबॉय यांच्या बाबतीत यापुढचा वाद ‘बव्हंशी’ या शब्दावर होईल.