पिधानकारी युग्मतारे : निरीक्षण आणि सूचीकरण

ज्या ताऱ्यांची दीप्ती काळानुसार बदलते, त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. तिमिंगल तारकासमूहातील मीरा हा तारा स्वतःच फुगतो-आकसतो आणि सुमारे ३३२ दिवसांत तेजाचे एक आवर्तन पुरे करतो. पिधानकारी युग्मताऱ्यांचे कारण वेगळे आहे. परस्परांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांची कक्षा आपल्याला जवळजवळ कडेने दिसते, त्यामुळे ते आळीपाळीने एकमेकांच्या आड जातात (यालाच पिधान म्हणतात) आणि दोघांचा मिळून येणारा प्रकाश घटतो. बहुतेक जोड्या मोठ्या दुर्बिणीतूनही एकच बिंदू दिसतात. त्यांचे दुहेरीपण प्रकाशाच्या चढउतारावरून ओळखावे लागते.

ययाति तारकासमूहातील अल्गॉल हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याची प्रत, म्हणजे दीप्तीचे माप, २.१ वरून ३.४ पर्यंत उतरते (आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). हे पिधान सुमारे १० तास चालते आणि नुसत्या डोळ्यांनी दिसते. हा नियमितपणा जॉन गुडरिक या इंग्लंडमधील कर्णबधिर तरुणाने १७८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी मांडला आणि एखादा मोठा गोल ताऱ्यासमोरून फिरत असावा, असे एक कारणही सुचवले. वर्णपटावरून त्याला पुष्टी मिळायला १८८९ साल उजाडले. ते काम जर्मन खगोलज्ञ हेर्मान फोगेल यांचे. गुडरिक एकविसाव्या वर्षीच वारला, पण तोवर स्वरमंडलातील बीटा आणि वृषपर्वातील डेल्टा या ताऱ्यांचे रूपविकारही त्याने नोंदवले होते.

डोळ्यांनी निरीक्षण करताना तुलनेसाठी स्थिर दीप्तीचे दोन तारे घेतात. अल्गॉलसाठी देवयानीतील गॅमा (प्रत २.१) आणि ययातीतील एप्सिलॉन (प्रत २.९) सोयीचे पडतात. अल्गॉल पहिल्यापेक्षा मंद आहे, पण दोघांमधल्या फरकाचा चौथा हिस्साच खाली उतरला आहे असे वाटले, तर नोंद २.३ अशी होते. सरावलेल्या डोळ्याची चूक साधारण ०.१ प्रतीची असते. सीसीडी या प्रकाश मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याने ती ०.०१ पर्यंत खाली आणता येते. पिधान आज होणार हे ठाऊक असले, की डोळ्याला अपेक्षित उतार आधीच दिसू लागतो. म्हणून आधीच्या नोंदी समोर न ठेवता अंदाज करावा, ही शिस्त फार मोलाची आहे.

या सगळ्यातून हाती लागणारी मुख्य गोष्ट म्हणजे किमान दीप्तीची वेळ. ती ज्युलियन दिनांकात, म्हणजे दिवसांच्या सलग मोजणीत, लिहितात आणि सूर्यकेंद्राला अनुसरून दुरुस्त करतात. पृथ्वी कक्षेच्या या टोकाला आहे की त्या, यावर प्रकाश पोहोचण्याच्या वेळेत १६ मिनिटांपर्यंत फरक पडतो. मग निरीक्षित वेळेतून गणिताने काढलेली वेळ वजा करतात. अल्गॉलची वर्षाला सुमारे १२७ आवर्तने होतात. आवर्तकाल एका सेकंदाने जरी चुकला, तरी दहा वर्षांत भाकीत २१ मिनिटांनी सरकते. हा फरक सरळ रेषेत वाढला तर आवर्तकाल सुधारायचा. आलेख वळला तर आवर्तकालच बदलतो आहे, बहुधा एका ताऱ्याचे द्रव्य दुसऱ्याकडे जात आहे. तो लाटेसारखा खाली-वर झाला तर तिसऱ्या ताऱ्याची शक्यता तपासायची. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीची घड्याळ लावून केलेली साधी नोंद आजही कामाची ठरते.

सूचीत ताऱ्याचे स्थान, प्रकार, महत्तम व लघुतम प्रत, आवर्तकाल आणि एक आरंभवेळ, म्हणजे जिच्यापासून आवर्तने मोजायची ती वेळ, असते. नावांची पद्धत जर्मन खगोलज्ञ आर्गेलांडर यांची : प्रत्येक तारकासमूहात आर ते झेड ही अक्षरे, मग अक्षरांच्या जोड्या, आणि ही ३३४ नावे संपली की व्ही ३३५ पासून पुढे आकडे. मॉस्कोतील खगोलज्ञांनी १९४८ मध्ये काढलेल्या सर्वसाधारण सूचीत १० हजारांहून अधिक रूपविकारी तारे होते. गाया या अवकाश दुर्बिणीच्या २०२२ च्या माहितीसंचात नुसते पिधानकारी उमेदवारच २१ लाखांवर आहेत.

इतकी वर्गवारी यंत्रानेच होते आणि चुकाही तशाच शिरतात. दोन्ही पिधाने सारख्याच खोलीची असली, तर आवर्तकाल निम्माच नोंदला जातो. सप्तर्षीतील डब्ल्यू या एकमेकांना चिकटलेल्या जोडीच्या प्रकारात हा धोका नेहमीचा. टेस या अवकाश दुर्बिणीचा एक पिक्सेल २१ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), म्हणजे बराच मोठा असल्याने शेजारच्या ताऱ्याचे पिधान भलत्याच ताऱ्याच्या नावावर पडू शकते. अशा वेळी जमिनीवरच्या लहान दुर्बिणीतून दोन्ही तारे वेगळे करून त्याच वेळी पाहतात. ज्याचा प्रकाश उतरतो, त्याच्या नावावर नोंद हलवली जाते.