दशावतारी पद आणि पायपेटी

सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या पेडणे भागातील दशावतार या लोकनाट्यात आड दशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग, संपला की आख्यान, म्हणजे मुख्य कथानक, लागते. त्याला लिखित संहिता सहसा नसते. नट संवाद ऐनवेळी बोलतात. पदाचे तसे चालत नाही. नव्या आख्यानाचे पद नट आणि पेटीवादक एकत्र बसून जुळवतात.

शब्द बहुधा नटाचे असतात. पेटीवादक आधी त्याची पट्टी, म्हणजे त्याच्या गळ्याला सोयीचा षड्ज (सा), ठरवतो. पट्टी बदलली की बोटेही बदलतात: काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीवर षड्ज धरला तर, मालकंस रागाचे पाच स्वर दोन काळ्या आणि तीन पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, तर पांढरी चारमध्ये षड्ज सोडून बाकी चारही काळ्यांवर. पायपेटीचा भाता पायाने चालत असल्याने दोन्ही हात मोकळे राहतात. उजव्या हाताने चाल वाजते, डाव्याने षड्ज धरून ठेवता येतो.

खरी ओढाताण मात्रांवर होते. त्रितालात ओळ सोळा मात्रांत मावली नाही, तर शब्द कापायचा की चाल सैल करायची? समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ‘ला’, ‘ची’ असा प्रत्यय पडला तर ओळ लंगडते, म्हणून तिथे पात्राचे नाव किंवा क्रियापद आणावे. अशा वेळी शब्द बदलणेच बरे. चाल ओढून बसवली की पखवाजाचा ठेका अडखळतो.

बसून म्हटलेले पद रंगमंचावर बिघडते ते मुख्यतः श्वासामुळे. युद्धनृत्यानंतर धापा टाकणाऱ्या नटाला तार सप्तकातली लांब ओळ पेलत नाही. मग ती दोन तुकड्यांत म्हणायची आणि मधली जागा पेटीने भरायची. झांज जोरात असेल तर नटाला पेटी ऐकू येत नाही आणि सूर चढतो. अशा दुरुस्त्या जत्रांच्या हंगामात होत राहतात. त्यामुळे चाल नेमकी कोणाची, हे सांगणे कठीण असते. दुसरा नट आला की पट्टी बदलते, कधी चालही.

हंगाम कार्तिकापासून, म्हणून पेटी त्याआधीच तपासावी. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, खाऱ्या हवेने पेटीतल्या पितळी सुरांवर, म्हणजे रीडवर, हिरवट थर चढतो. पेटी उन्हात ठेवू नये, सांधे उकलतात. थर काढूनही सूर उतरलेला राहिला तर रीडचे टोक हलके घासावे. चढला असेल तर मुळाकडची बाजू. जास्त घासलेली रीड भात्याच्या जोरदार दाबाखाली तुटते.