इटलीला निघण्याआधी एवढं वाचून घ्या

विमान, हॉटेल, व्हिसा यांचे पैसे इथेच भरून होतात. तिथे गेल्यावर खिसा रिकामा होतो तो बारीकसारीक नियमांपायी.

पहिला नंबर रेल्वेचा. वेगवान गाडीच्या तिकिटावर गाडी आणि सीट ठरलेली असते, तिथे काळजी नाही. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट मात्र चढण्याआधी स्टेशनवरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यावी लागते. हे राहिलं तर तिकीट हातात असूनही दंड बसतो. परदेशी पाहुणे आहोत म्हणून टीसी सोडून देईल या भरवशावर राहू नका. मोबाइलवर काढलेलं प्रादेशिक तिकीट असेल, तर गाडीत बसण्याआधी त्याचं चेक-इन करा.

कॉफी काउंटरपाशी उभ्यानेच प्या, तिथले लोकही तशीच पितात. तीच कॉफी टेबलावर बसून मागवली की भाव चढतो. व्हेनिसच्या सान मार्को चौकात तर विचारूच नका! जेवणाच्या बिलात 'कोपेर्तो' नावाचा माणशी आकार दिसेल. ती फसवणूक नव्हे, मेनूकार्डावर लिहिलेला असतो. वेगळी टिप देण्याची सक्ती नाही.

पाण्याची बाटली विकत घेणं आम्हाला तरी पटत नाही. रोममध्ये रस्तोरस्ती 'नाझोने' नावाचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात आणि पाणी पिण्याचंच असतं. खाली वळलेल्या तोटीचं तोंड बोटाने दाबलं, की वरच्या बारीक भोकातून धार उडते. ओंजळ न धरता पिता येतं.

शाकाहारी मंडळींनी भाज्यांचं सूपही विचारून घ्यावं, त्यात मांसाचा रस्सा असू शकतो. अस्सल पार्मेजान चीज वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) वापरून बनतं. चीज नकोच असेल तर मारिनारा पिझ्झा मागवा: टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल. लसूण चालत नसेल तर आधीच सांगा.

व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, उन्हाळ्यातही. पर्समध्ये एक ओढणी असू द्या. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार वगळता रविवारी बंद असतात. त्या रविवारी प्रवेश फुकट, पण रांग बघूनच दमाल.

रोमचं तेर्मिनी स्टेशन आणि 64 नंबरची बस पाकीटमारांसाठी प्रसिद्ध आहेत. पासपोर्ट कपड्यांच्या आतल्या पाऊचमध्ये ठेवा.

बऱ्याच शहरांत हॉटेलवाले माणशी, दर रात्रीचा शहर कर वेगळा घेतात. आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, अ‍ॅडॉप्टर इथूनच न्या. अडचणीत 112 फिरवा आणि प्रवास विम्याच्या कागदाची एक प्रत घरच्यांकडे ठेवून जा.