सलाईनची ऑर्डर आणि परिचारिकेचा निर्णय

शिरेत बसवलेल्या बारीक प्लास्टिकच्या नळीतून (वॉर्डात तिला इंट्राकॅथ किंवा व्हेनफ्लॉन म्हणतात) सलाईन व औषधे देताना डॉक्टरांची लेखी ऑर्डर कुठे संपते आणि परिचारिकेचा स्वतःचा निर्णय कुठे सुरू होतो, हा या नोंदीचा विषय आहे. काय द्यायचे, किती आणि किती वेळात, हे डॉक्टर केसपेपरवर लिहितात. कोणत्या हाताची शीर घ्यायची, निळी, बारीक २२ नंबरची नळी पुरेल की हिरवी, जाड १८ नंबरची लागेल, बसवलेली नळी अजून चांगली आहे का आणि थेंब कधी थांबवायचे, हे खाटेजवळ उभ्या असलेल्या सिस्टरला ठरवावे लागते. कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला बहुधा एकच सिस्टर वॉर्डात असते आणि डॉक्टर क्वार्टरवर. त्यामुळे हा निर्णय तिथे रोजच्या कामाचाच भाग होऊन बसतो.

‘५०० मिली आठ तासांत’ एवढीच ऑर्डर असते. नेहमीच्या सेटमधून २० थेंबांना १ मिली पडते, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. पावसाळ्यात वीज गेली की सिस्टर एका हातात टॉर्च आणि डोळ्यांसमोर घड्याळ धरून हे थेंब मोजते. रुग्णाने कोपर वाकवले की वेग बदलतो, म्हणून एकदा मोजून भागत नाही.

सर्वांत जास्त कस लागतो तो ‘सलाईन आऊट झाली’ हे ओळखताना. नळी शिरेतून निसटली की द्रव भोवतालच्या मांसात उतरतो. जागा फुगते, कातडी ताणलेली आणि हाताला गार लागते, थेंब मंदावतात किंवा थांबतात. बाटली खाली धरून नळीत रक्त मागे येते का, हे पाहण्याची पद्धत जुनी आहे. पण रक्त दिसले म्हणून नळीचे टोक पूर्णपणे शिरेत आहेच, अशी खात्री देता येत नाही. म्हातारी आजी ‘गो बाय, हात ठणकता’ म्हणाली तर आधी तिचे ऐकावे, बाटलीकडे नंतर पाहावे. साधी सलाईन बाहेर गेली तर सूज उतरते. रक्तदाब वाढवणारे नॉरअॅड्रेनालिन किंवा कॅल्शियम गेले तर मात्र कातडी काळी पडून मांस मरू शकते. अशा वेळी ‘ऑर्डर चालू आहे’ म्हणून थेंब सुरू ठेवणे ही चूकच. सलाईन आधी बंद करायची, मग डॉक्टरांना कळवायचे.

नळीची जागा लाल, गरम आणि दुखरी झाली, शीर दोरीसारखी हाताला लागू लागली, तर नळी बदलण्यासाठी ऑर्डरची वाट पाहायची नसते. मोठ्या माणसांत ७२ ते ९६ तासांच्या आत नळी उगाच बदलण्याची गरज नाही, असे अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०११ मध्ये सांगितले. म्हणजे घड्याळापेक्षा रोज जागा पाहणाऱ्या डोळ्यांवर भार आला.

काही ऑर्डरी विचारल्याशिवाय पाळायच्याच नसतात. ‘केसीएल १ अँप’ (पोटॅशियम क्लोराइडचे एक अँपूल) एवढेच लिहिलेले असेल तर कशात मिसळून, किती तासांत, हे विचारलेच पाहिजे. १५ टक्क्यांच्या १० मिलीच्या अँपुलात २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते आणि ते थेट शिरेत ढकलले तर हृदय थांबते. फेनिटॉइन हे फिटचे औषध डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाईनमध्ये) लिहिले गेले तरी तेच, कारण ते त्यात साकळते. डायलिसिससाठी फिस्टुला (शीर आणि धमनी यांचा जोड) केलेल्या हाताला सुई लावायची नाही, ऑर्डरमध्ये हात लिहिलेला नसला तरी.

कोकणाचे खास उदाहरण विंचवाचे. लाल विंचू चावल्यावर घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय दिसतात आणि पाणी कमी पडले असेल असे वाटून सलाईन जोरात सोडण्याचा मोह होतो. पण विषाने हृदय थकलेले असते आणि फुप्फुसांत पाणी भरू शकते. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी याच भागातल्या रुग्णांवर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला व ते काम १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. असा रुग्ण खोकू लागला, आडवे पडवेना, तर थेंब कमी करून ताबडतोब फोन करणारी सिस्टर त्याचा जीव वाचवते. लेप्टोमध्ये (लेप्टोस्पायरोसिसच्या तापात) लघवी कमी झालेल्या शेतकऱ्याच्या बाबतीतही हेच. किती बाटल्या गेल्या याच्याइतकेच किती लघवी झाली हे तिने लिहून ठेवलेले असावे लागते. सर्पदंशाची लस (सापाच्या विषावरचे प्रतिविष) चालू असताना अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या तर लस लगेच थांबवायची आणि अॅड्रेनालिन तयार ठेवायचे, हे आधीच ठरलेले असते.

परिचारिकेची नोंदणी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ खाली होते. औषध ठरवण्याचा अधिकार तिला त्यातून मिळत नाही, पण स्वतःच्या हातून जे दिले जाते त्याची जबाबदारी तिचीच राहते. म्हणून शंका विचारणे हा उद्धटपणा नव्हे. ‘सर, परत सांगते’ म्हणून फोनवरची ऑर्डर उलट वाचून दाखवायची, वेळेसह लिहायची आणि सकाळच्या राउंडला सही घ्यायची. काही डॉक्टरांना याचा राग येतो. तो सहन करावा लागतो, लिहिणे मात्र सोडू नये.

सिंधुदुर्गातून गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात किंवा रत्नागिरीतून आंबा घाटाने कोल्हापूरला १०८ च्या रुग्णवाहिकेने रुग्ण निघतो, तेव्हा वळणावळणांवर नळी निसटण्याची भीती असते. निघण्याआधी दुसऱ्या हाताला आणखी एक नळी बसवून, चिकटपट्टीवर तारीख आणि वेळ लिहून देणाऱ्या सिस्टरला तशी ऑर्डर बहुधा कोणी दिलेली नसते.