केबलमार्ग

इमारतीतील नेटवर्क, टेलिफोन, कॅमेरे, वाय-फाय यांच्या केबल ज्या ट्रे, पाइप, हुक आणि भोकांमधून जातात, त्या आधारव्यवस्थेला केबलमार्ग म्हणतात. केबल जुन्या झाल्या की बदलतात, मार्ग मात्र बहुधा इमारत उभी असेपर्यंत तोच राहतो. त्यामुळे आजच्या केबल मोजून मार्ग आखला की तो अपुरा पडणार, हे ठरलेलेच. या कामासाठीचे ईआयए/टीआयए-५६९ हे अमेरिकी मानक १९९० साली निघाले आणि पुढे अनेकदा सुधारले गेले.

आखणी रॅकच्या खोलीपासून, म्हणजे नेटवर्कची उपकरणे ज्या खोलीत कपाटासारख्या चौकटीत बसवलेली असतात तिथून, सुरू होते. तिथून टेबलाजवळच्या सॉकेटपर्यंतची कायम केबल ९० मीटरपेक्षा लांब चालत नाही. हे अंतर नकाशावर सरळ रेघ ओढून मोजू नये. केबल आधी छतापर्यंत चढते, मार्गाबरोबर वळणे घेते आणि शेवटी भिंतीतून खाली उतरते. हे चढ-उतार धरले नाहीत, तर नकाशावर ७५ मीटरवर दिसणारे टेबल प्रत्यक्षात मर्यादेबाहेर जाऊ शकते.

एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला उभी शाफ्ट किंवा स्लॅबमधल्या स्लीव्ह (आरपार बसवलेले पाइपचे तुकडे) असतात. मजल्यावर, जिथे केबलची गर्दी असते तिथे जाळीचा किंवा शिडीसारखा ट्रे टाकतात. थोड्या केबल असल्या तर जे-हुक, म्हणजे इंग्रजी J च्या आकाराचे हुक, पुरतात. भिंतीत आणि उघड्या जागी पाइप लागतो. ट्रे आणि हुक यांचा भार स्लॅबमध्ये किंवा बीमवर पक्क्या केलेल्या रॉडनेच पेलायचा. फॉल्स सीलिंगच्या तारेला किंवा स्प्रिंकलरच्या पाइपला केबल बांधणे सोयीचे वाटते, पण ती चूकच. त्या तारा सीलिंगचे वजन तोलण्यासाठी असतात आणि आगीत ज्याचा उपयोग, त्या पाइपवर दुसरे ओझे नको. हुकांमधले अंतर साधारण १.२ ते १.५ मीटर ठेवतात. सगळी अंतरे अगदी सारखी न ठेवता थोडी कमी-जास्त ठेवणे चांगले, म्हणजे केबलवर ठरावीक अंतराने तोच दाब येत राहत नाही.

या दाबाची काळजी का, हे केबल उघडून पाहिले की कळते. आत तांब्याच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येकीचा पीळ वेगळा. या पिळामुळेच एका जोडीचा संदेश दुसरीत उतरत नाही. केबल अरुंद तारेवर टेकून वर्षानुवर्षे लोंबत राहिली, प्लास्टिकच्या टायने आवळली किंवा कोपऱ्यावर मोडल्यासारखी वळली, की जोड्यांची मांडणी बिघडते. बाहेरून काही दिसत नाही, दोष चाचणीतच उघड होतो. म्हणून हुकाची बैठक रुंद हवी, बांधायला वेल्क्रो हवे आणि चार जोड्यांच्या साध्या केबलचे वळण तिच्या जाडीच्या किमान चौपट त्रिज्येचे हवे.

पाइपात सर्वाधिक चुका भरण्याच्या बाबतीत होतात. तीन किंवा अधिक केबल असतील तर आतल्या क्षेत्रफळाचा ४० टक्केच भाग व्यापायचा, हा प्रचलित नियम आहे. आतून २७ मि.मी. व्यासाच्या पाइपात ६ मि.मी. जाडीच्या केबल, नुसता क्षेत्रफळाचा भागाकार केला तर वीस येतात. नियमाने मात्र आठच. उरलेली जागा वाया गेलेली नसते, ती ओढताना लागते. केबल एकमेकींवर आणि वळणांवर घासतात, तसा ताण वाढत जातो आणि चार जोड्यांच्या एका केबलला ११० न्यूटनपेक्षा जास्त ताण देऊ नये असे मानतात. त्यामुळे दोन पुल बॉक्सच्या (केबल ओढण्यासाठी वाटेत बसवलेल्या डब्यांच्या) मध्ये काटकोनी वळणे दोनच आणि अंतर ३० मीटरच्या आत. पाइप करवतीने कापला की आतल्या कडेला कुसळासारखी धार राहते. ती घासून काढून टोकाला बुश, म्हणजे गुळगुळीत कडेची कडी, बसवला नाही, तर पहिल्याच ओढीत केबलचे आवरण लांबलचक सोलले जाते.

धातूचा ट्रे अर्थिंगला जोडतात. सांध्यांवर रंगाचा थर असेल तर तिथली जोडणी तपासावी लागते. विजेच्या केबलपासून अंतर राखायचे आणि ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडायचे.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते आगीकडे. अग्निरोधक भिंतीत किंवा स्लॅबमध्ये पाडलेले भोक मोकळे सोडले, तर धूर पलीकडच्या मजल्यावर पोहोचायला तेवढी वाट पुरते. भोक त्या भिंतीच्या दर्जाला मान्य असलेल्या साहित्यानेच बुजवावे लागते. सिमेंट किंवा फोम हाताशी आहे म्हणून कोंबून चालत नाही. खरी पडझड नंतर होते: कुणी एक केबल वाढवायला येतो, सील फोडतो आणि तसाच निघून जातो. जिथे केबल वाढणार हे माहीत आहे, तिथे उघडून पुन्हा बंद करता येणारा सील पहिल्यापासूनच बसवावा.

काम संपवताना प्रत्येक रिकाम्या पाइपात नायलॉनची दोरी सोडतात आणि दोन्ही टोकांना दुसरे टोक कुठे निघते याची चिठ्ठी बांधतात. पुढे त्या दोरीने केबल ओढणाऱ्याने केबलबरोबरच नवी दोरीही आत घ्यायची असते.