सेदेरचे चार प्याले आणि काळ्या मनुकांचे शरबत

पेसाह हा मिसरातल्या गुलामीतून सुटकेची आठवण करणारा ज्यूंचा सण. त्या रात्रीच्या सेदेर या विधीपूर्वक जेवणाचा क्रम मिश्नाने, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहाने, ठरवून दिला आहे: सुरुवात मानहानीने करायची, शेवट स्तुतीने. आधी मिसरातली गुलामी, कडू भाजी, मग सुटका आणि हल्लेल ही स्तुतीची स्तोत्रे. सेदेरला वाइनचे, किंवा तिच्या जागी मनुकांच्या शरबताचे, चार प्याले घेतात. त्यांत हे वळण येते ते दुसऱ्यावर. हा प्याला सेदेरच्या ठरलेल्या चार प्रश्नांच्या आधी भरतात, पण हग्गादातली (सेदेरला वाचायच्या पोथीतली) सगळी हकीकत वाचून होईपर्यंत त्याला तोंड लावत नाहीत. हल्लेलची पहिली दोन स्तोत्रे (११३ आणि ११४) म्हणून झाली की मगच तो घेतात. ज्यांच्या घरी मिसरावर आलेल्या दहा पीडा वाचताना प्याल्यातून थेंब काढायची रीत आहे, ते याच प्याल्यातून काढतात.

म्हणजे भरलेला प्याला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहूनही जास्त वेळ, तसाच राहतो. घरच्या शरबताची परीक्षा इथेच होते. नीट न गाळलेल्या शरबताचा गाळ तळाशी बसतो, वर पातळ तांबूस पाणी राहते आणि आनंदाचा पहिला घोट बेचव लागतो. हे टाळण्यासाठी दोनदा गाळा: आधी चाळणीतून, मग ओल्या मलमलीतून. दुसऱ्या वेळी फडके पिळू नका, नुसते टांगून ठेवा. पिळले की बारीक गर खाली उतरतो.

आमच्या काळ्या मनुकांच्या ५०० ग्रॅमच्या एका पाकिटाला २ लिटर पाणी घ्या. मनुका कोमट पाण्यात तीनदा चोळून धुवा. काही द्राक्षे सुकवण्याआधी तेल आणि कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात. त्याचा अंश राहिला तर शरबतावर तवंग दिसतो. देठ काढा. मोजलेल्या पाण्यात रात्रभर भिजत घाला आणि त्याच पाण्यासकट वाटा. साखर लागत नाही. पिवळे बेदाणे वापरू नका. रंग येत नाही आणि गंधकाची धुरी दिलेले असतील तर वासही येतो.

पाणी वाढवायचा मोह आवरा. मनुका पाण्याच्या एक षष्ठांशाहून जास्त असाव्यात असा दंडक आहे. त्याहून पातळ झाले तर त्यावर ‘बोरे पेरी हागाफेन’ ही वाइनची ब्राखा (आशीर्वचन) म्हणता येत नाही, मग ते नुसते पेय. वरचे प्रमाण या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. मनुका ३ दिवस भिजल्याच पाहिजेत, असेही एक मत आहे. ते पाळत असाल तर भांडे फ्रिजमध्ये ठेवा, कारण एप्रिलच्या उकाड्यात बाहेर ठेवलेल्या मनुका दुसऱ्या दिवशीच फसफसू लागतात. फसफसल्या म्हणून त्या हामेत्स (पेसाहला वर्ज्य असलेले आंबलेले धान्य) होत नाहीत, पण चव आंबूस होते आणि घट्ट बुचाची बाटली फुटू शकते. वेळ वाचवायला उकळू नका. उकळून काढलेल्या पाण्याच्या ब्राखाबद्दल मतभेद आहेत.

मिक्सरचे भांडे आणि फडके पेसाहसाठी वेगळे ठेवलेलेच हवे. रव्याची चाळणी कितीही घासली तरी नको.

प्याल्यात निदान ८६ मिलिलिटर मावले पाहिजे. काही जण १५० धरतात. कटिंग चहाचा ग्लास एकदा पाण्याने मोजून पाहा, बहुतेक तोच पुरतो. डावीकडे रेलून, दर वेळी निम्म्याहून जास्त प्यावे. प्याला मोठा घेतला तर निम्मेही मोठे होते, हे भरताना लक्षात राहत नाही. ९० मिलिलिटरचा प्याला आणि पुढच्या तीन वेळा साधारण ५० ची भर धरली तर माणशी २४० मिलिलिटर लागते. एका पाकिटाचे शरबत ६ जणांना पुरून एलियाहू हनाबी या संदेष्ट्यासाठी ठेवायचा प्यालाही भरतो.

तिसरा प्याला जेवणानंतरच्या प्रार्थनेवर. तिथून चौथ्यापर्यंत मध्ये शरबत पिऊ नये, मिश्नानेच मनाई केली आहे. तहान लागली तर साधे पाणी घ्या. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये मात्र तशी मनाई नाही. चौथा प्याला हल्लेल पूर्ण झाल्यावर घ्या आणि पूर्ण रिकामा करा. शेवटची ब्राखा म्हणायला एका प्याल्यातले पुरेसे प्यायले की नाही, ही शंका मग उरत नाही.

इस्रायलमध्ये सेदेर एकच रात्र असतो, आपल्याकडे दोन. सणाच्या दिवशी वाटणे-गाळणे चालत नाही, म्हणून दोन्ही रात्रींचे शरबत सण लागण्याआधी करून ठेवा. दुसऱ्या रात्रीची बाटली गळ्यापर्यंत भरू नका, चार बोटे जागा सोडा आणि फ्रिजच्या दारात न ठेवता आत, मागे ठेवा. ओतण्याआधी हलवू नका.